खाणीआधीची माती

खुल्या कोळसा खाणीचे काम सुरू होताना सर्वांत आधी उचलली जाते ती शेताची वरची माती, आणि खाण संपल्यावर सर्वांत शेवटी जागेवर परतायला हवी तीही तीच. या दोन टप्प्यांमध्ये कित्येकदा दोन-दोन दशके जातात. मातीचे बरेवाईट ठरते ते याच मधल्या काळात. खानदेशात कोळशाची खाण नाही. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राला लागणारा कोळसा बाहेरून येतो आणि तो ज्या जमिनीखालून निघतो ती जमीन धुळ्यातल्या पांझरेकाठच्या देवपुरातून दिसत नाही. महाराष्ट्रातील कोळसा मुख्यतः वर्धा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, आणि नागपूर जिल्ह्यात कामठी-उमरेडच्या परिसरात आहे. तेथील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेतील ‘वेकोलि’, ही १९७५ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी चालवते. वणी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात खाणीच्या माथ्यावर कपाशी-तुरीची काळी जमीन आहे, त्यामुळे तापीकाठच्या शेतकऱ्याला ती माती परकी वाटू नये.

कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी जे खोदून बाजूला टाकावे लागते त्याला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. खाणीवर त्याचे नुसते ‘ओबी’ होते आणि चंद्रपूरकडे वाटेत दिसणारे करडे डोंगर या ओबीचेच असतात. त्यात वालुकाश्म, शेल आणि चिकणमाती असते, पण सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो. वरची माती या ढिगात जाऊ नये, ती वेगळी काढून वेगळी ठेवावी, असा दंडक आहे, कारण साधारण १५ ते ३० सेंटिमीटरच्या त्या थरातच कुजलेला पालापाचोळा, गवताचे पडून राहिलेले बी, गांडुळे, जिवाणू आणि मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून घेऊन त्यांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी, हे सगळे एकवटलेले असते.

अडचण साठवणीची आहे आणि ती साध्या गुणाकाराने कळते. एका हेक्टरवरून ३० सेंटिमीटर माती काढली तर ३,००० घनमीटर होते. १०० हेक्टरची तीन लाख घनमीटर. ही माती दोन मीटर उंचीच्या राशीत ठेवायची तर उतार न धरताही १५ हेक्टर जागा अडते, दहा मीटर उंच रचली तर तीन हेक्टरात भागते, आणि जेथे प्रत्येक हेक्टर संपादित करून घ्यावा लागतो तेथे हिशेबनीसाचा कल कोणीकडे असेल हे सांगायला नको. मात्र उंच राशीच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथील जिवाणू प्राणवायूविना जगणाऱ्या जातींना जागा देतात, गांडुळे मरतात, जिवंत मुळांवाचून बुरशीचे जाळे तुटते, बियांची उगवणशक्ती जाते. नत्राचे तर आणखी विचित्र होते: राशीच्या गाभ्यात ते अमोनियम रूपात साचत जाते आणि माती पुन्हा पसरून हवा लागली की झपाट्याने नायट्रेट होऊन पहिल्याच पावसांत वाहून जाते, म्हणजे रोपांनी मुळे धरण्याआधीच शिल्लक संपते. कागदावर घनमीटर तेवढेच राहतात; मातीचा कस मात्र उतरलेला असतो.

काळ्या मातीची तऱ्हा यात भर घालते. तिच्यातील चिकणखनिज पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसून भेगा पाडते. पावसाळ्यात ती यंत्राच्या बकेटला चिकटते, ओली असताना जड डंपर तिच्यावरून गेले की तिची घडण मोडून ती दाबून बसते आणि पुढे नुसत्या नांगरटीने सहजी पूर्ववत होत नाही. म्हणून पावसाळा ओसरून वाफसा आल्यानंतरचे कोरडे महिनेच तिच्या काढणीचे. रास बुटकी व रुंद ठेवावी, उतार मंद असावा, वर ताग, धैंचा किंवा स्टायलो पेरून मुळे जिवंत ठेवावीत, भोवती चर काढून वाहते पाणी आणि गाळ अडवावा, हे नियम त्यातूनच आलेले आहेत.

सर्वांत चांगली साठवण मात्र मुळीच न साठवण्यात आहे. खाण एका बाजूने पुढे सरकते आणि मागचा खड्डा ओबीने भरत येतो, तेव्हा पुढची माती उचलून थेट मागच्या तयार भरावावर पसरता येते. धरणातला गाळ उन्हाळ्यात काढून त्याच हंगामात वावरात टाकणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. खाणीत मात्र त्यासाठी भराव आणि काढणी यांचे वेळापत्रक जुळावे लागते, आणि सुरुवातीची काही वर्षे, भराव तयारच नसताना, रास टाळता येत नाही.

कायद्याची बाजू थोडी वाकडी आहे. वरची माती वेगळी ठेवण्याविषयीच्या तरतुदी खनिज संवर्धन व विकास नियमांत आहेत, पण ते नियम कोळशाला लागू नाहीत. कोळशाच्या बाबतीत हे बंधन पर्यावरण मंजुरीच्या अटींतून आणि २००९ पासूनच्या खाणबंदी आराखड्यांतून येते. मंजुरीपत्रांत नेहमी आढळणारी एक अट मोलाची आहे: मातीची रास ‘सक्रिय’ ठेवू नये, म्हणजे तिच्यात वर्षानुवर्षे भर घालत राहू नये. पण रास किती मोठी हे मोजले जाते, ती किती जिवंत हे क्वचितच.

माती उरलीच नाही तर काय, यावर नागपूरच्या ‘नीरी’ने, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, काम केले आहे. कोळसा खाणीच्या दहा हेक्टर ढिगावर हेक्टरी ५० टन सांडपाणी-प्रक्रियेचा गाळ, जिवाणू खते आणि मायकोरायझा देऊन झाडे वाढवल्याचा त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला; ढिगात जवळजवळ नसलेले रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि बुरशीचे बीजाणू त्यानंतर पुष्कळ वाढले. आपल्याकडे हाताशी असलेल्या वस्तूंतून काय साधते हे त्यातून दिसते, तरी हे सारे बाहेरून आणून घालावे लागते, आणि ते शेताच्या मातीत आधीच होते, ही गोष्ट उरतेच.

शिवाय ढिगावर बांबू, शिसव, करंज उभे राहिले म्हणजे जमीन परत मिळाली असे नाही. कपाशी-तुरीची मुळे ३० सेंटिमीटरवर थांबत नाहीत; जमीन शेतीसाठी परतवायची तर वरच्या मातीखालचा थरही वेगळा काढून, वेगळ्या राशीत ठेवून, त्याच क्रमाने वर घालावा लागेल, आणि तशी दुहेरी काढणी पहिला डंपर शेतात शिरण्याआधी आराखड्यात लिहिलेली असावी लागेल.