जिवंत आमिषासाठी फेकजाळे कसे निवडावे?



भाताची कापणी-झोडणी उरकली, की खाडीकाठच्या घराघरांतून गळ आणि दोर बाहेर निघतात. चार दिवस हाताला उसंत असते. एखादा चांगला जिताडा किंवा तांबोशी गळाला लागली, तर घरात कालवण होतं आणि उरलेल्याचे चार पैसेही येतात. आता जिताडा हा शिकारी मासा. समोर पळणारं, धडपडणारं भक्ष्य दिसलं की तो झेप घेतो. म्हणून जाणते लोक गळाला जिवंत बोय किंवा जिवंत कोळंबी लावतात. गोव्याकडे या बोयलाच शेवटो म्हणतात. हे आमिष धरायचं साधन म्हणजे आपलं फेकजाळं. कुणी त्याला पाग म्हणतं, कुणी शेंडी.

पुष्कळ जण दुकानात जातात आणि सांगतात, "मोठ्यात मोठं द्या, बारीक आसाचं द्या, म्हणजे काही सुटायला नको." इथंच चूक होते. कालवणाचा मासा जाळ्यात मेला तरी चालतो. आमिषाचा मासा मात्र जाळ्यातून निघाल्यावरही तासभर टवटवीत राहिला पाहिजे. तेव्हा जाळं घेताना मनाशी एकच प्रश्न धरावा : यातून मासा जिवंत निघेल का?

पहिली गोष्ट आसाची. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. आस मोठा असला, तर बोयचं डोकं त्यात शिरतं, कल्ले अडकतात आणि ओढून काढताना मासा मरतो. आस फार बारीक असला, तर जाळं पाण्यात हळूहळू बुडतं. तोवर चपळ बोय पसार होते, आणि हाती राहतो तो कचरा व इवलीशी पिल्लं. बोटभर लांबीच्या, म्हणजे तीन-चार इंची बोयसाठी ताणून मोजलेला आस साधारण १८ ते २० मिलिमीटर असावा. वीतभर बोय धरायची असेल, तर २५ मिलिमीटरचा घ्यावा. मोजताना एकच डोळा मोजू नका. दहा डोळे सलग ताणून धरा, पट्टीनं मोजा आणि दहानं भागा. दुकानदार आस कसा सांगतो हेही विचारून घ्या. कुणी ताणून मोजतो, तर कुणी एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत. दुसऱ्या रीतीचा आकडा पहिल्याच्या निम्मा येतो. तेवढ्यानंच पुष्कळ जण फसतात.

दुसरी गोष्ट जाळ्याच्या लांबीची. शेंड्यापासून शिशापर्यंतची लांबी पाच फूट असली आणि जाळं पुरतं उघडलं, तर ते सुमारे ७८ चौरस फूट जागा झाकतं. सात फुटी जाळं झाकतं सुमारे १५४ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ऐकायला बरं वाटतं. पण सात फुटी जाळं हातातून अर्धवट उघडून केळफुलासारखं मिटून पडलं, तर ते पाच फुटीच्या निम्मंही झाकत नाही. शिकाऊ माणसानं पाच फुटी घ्यावं. हात बसला की सहा-सात फुटी. आणखी एक ध्यानात ठेवा. जाळ्याच्या लांबीपेक्षा पाणी खोल असेल, तर जाळं तळाला टेकण्याआधीच मिटू लागतं आणि मासे खालून निसटतात. आमिष धरायचं ते कमरेखालच्या पाण्यात. भरतीबरोबर बोयचे थवे काठाला चरायला येतात, तेव्हा फार आत जायची गरजच नाही.

तिसरी गोष्ट शिशाची. सहा फुटी जाळ्याला दोन ते तीन किलो वजन पुरतं. संथ, उथळ पाण्याला दोन किलो. ओढ असेल, तर तीनच्या आसपास. शेंडा हातात धरून जाळं उचला आणि पाहा. शिशाच्या गोळ्या सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत ना? खालची कड एका पातळीत लोंबते ना? एका बाजूला फट राहिली, तर सगळा थवा तिथूनच निघून जाईल.

चौथी गोष्ट सुताची. तंगुसाचं जाळं पाण्यात दिसत नाही आणि झटकन बुडतं. पण नवं असताना ताठ असतं आणि त्याच्या गाठी माशाचे खवले खरवडतात. पीळदार नायलॉन सुताचं जाळं मऊ असतं, माशाला कमी लागतं; मात्र ते जरा हळू बुडतं. गढूळ खाडीत मऊ सूत चालेल, नितळ पाण्यात तंगूस बरं. दोन्ही जाळी उन्हात कुजतात. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.

पाचवी गोष्ट खालच्या कडेची. काही जाळ्यांना कडेनं आतल्या बाजूला खिसे असतात. मासे त्या खिशांत जाऊन बसतात आणि एकेक करून हातानं काढावे लागतात. काही जाळ्यांत शेंड्यातून आत दोऱ्या सोडलेल्या असतात. त्या ओढल्या की कड गोळा होते आणि सैल सोडल्या की सगळे मासे एकदम बादलीत पडतात. माशाला हात लागत नाही. जिवंत आमिषासाठी हे दोऱ्यांचं जाळं उत्तम. कालवणासाठी मात्र खिशांचं जाळं काही वाईट नाही.

आता दोन धोक्याच्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे जाळं फेकताना शिशाची कड दातांत धरायची रीत आहे. शिसं हे विष आहे. ते थोडं थोडं अंगात साठतं, आणि लहान मुलांना तर फारच बाधतं. दातांत धरायचंच असेल, तर शिसं नसलेला सुताचा भाग धरा. त्याहून बरं म्हणजे कड कोपरावर टाकून फेकायला शिका. जुनं शिसं घरच्या चुलीवर वितळवू नका. घरी आल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

दुसरा धोका दोराचा. मी लहान असताना आमच्या गावचे एक काका सुकतीच्या वेळी जाळं टाकत होते. जाळं तळाच्या खुंटाला अडकलं, पाण्याची ओढ वाढली आणि मनगटाचा सरकफास आवळत गेला. पाय चिखलात रुतलेले. काठावरच्या माणसानं कोयत्यानं दोर तोडला, म्हणून काका वाचले. तेव्हापासून आमच्या घरात सरकफास कुणी घालत नाही. हात सहज निघेल असं सैल, न आवळणारं कडं ठेवा. दोर कमरेला तर कधीच बांधू नका. एकटे जाऊ नका. उधाणाच्या सुकतीला पाण्यात उतरू नका.

धरलेलं आमिष जपायचं कसं? पंधरा लिटरच्या बादलीत आठ-दहापेक्षा जास्त बोय ठेवू नका. पाणी त्याच खाडीचं घ्या, सावलीत ठेवा आणि दर पाव तासानं बदला. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करा. भोकं पाडलेला डबा खाडीतच बुडवून ठेवला, तर पाणी आपोआप खेळतं.

शेवटचं सांगणं. पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं मुखाकडून खाडीत शिरतात. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. आज जाळ्यात मेलेलं पिल्लू म्हणजे उद्याची अंडी घालणारी मादी गेली. म्हणून आमिषापुरतेच मासे घ्या. जिताड्याची, तांबोशीची पिल्लं दिसली, तर लगेच पाण्यात सोडा. महाराष्ट्रात सागरी मासेमारीसाठी १९८१ चा नियमन कायदा आहे. आपल्या भागातले नियम मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन विचारून घ्या.

लक्षात ठेवा :
१. बोटभर बोयला १८ ते २० मिलिमीटर आस. दहा डोळे मोजून दहानं भागा.
२. आपल्या हाताला उघडेल तेवढंच जाळं घ्या.
३. वजन सगळीकडे सारखं हवं.
४. जिवंत आमिषासाठी आतल्या दोऱ्यांचं जाळं.
५. शिसं दातांत नको, सरकफास मनगटात नको.
६. गरजेपुरते मासे घ्या, पिल्लं सोडून द्या.

बंधूंनो, जाळं एकदा पारखून घ्या आणि मगच पैसे मोजा. तुमच्या गळाला चांगला जिताडा लागो आणि तुम्ही सुखरूप घरी या, एवढंच म्हणतो.