शास्त्रीय विषय श्रोत्यांपुढे मांडताना

गुलबर्ग्याच्या उन्हाळ्याची ओळख मी तुम्हांला करून द्यावी असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांवर चढला म्हणजे पत्र्याच्या छपराखाली बसवत नाही. शेजारच्या जुन्या माळवदाच्या घरात मात्र दुपारी डोळा लागतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने या नित्याच्या अनुभवाची नीट पारख करावयाचे ठरविले. आपल्या पत्र्याच्या घरात तिने एक तापमापक टांगला, मावशीच्या माळवदाच्या घरात दुसरा टांगला, आणि सतत तीन आठवडे सकाळ, दुपार व रात्र अशा तिन्ही वेळांच्या नोंदी वहीत उतरविल्या. कल्पना तिची आणि कष्टही तिचेच. पुढे एका विज्ञान मेळाव्यात हा विषय मांडावयाचा असे ठरले, आणि तेथे माझे शहाणपण आड आले.

मेळाव्यात कोणत्याही भाषेत बोलण्याची मोकळीक होती. तरीही परीक्षकांवर छाप पडावी म्हणून मी तिला इंग्रजीत भाषण लिहून दिले, आणि पुस्तकांतून वेचलेले भारदस्त शब्द त्यात जागोजागी पेरले. मुलीने ते तोंडपाठ केले. ती कोठेही अडखळली नाही, टाळ्याही झाल्या. मग एका परीक्षकांनी अगदी साधा प्रश्न विचारला. दुपारी माळवदाखाली गारवा असतो हे समजले. पण रात्री काय होते? मुलगी गप्प राहिली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

या प्रश्नाचे उत्तर तिच्या वहीत होते. वहीत कशाला, ते तिने अंगाने अनुभविलेले होते. कारण मावशीच्या घरची सारी माणसे उन्हाळ्यात रात्री अंथरुणे घेऊन वर माळवदावर जातात. मातीच्या जाड थरात दिवसभर मुरलेली उष्णता सावकाश खाली उतरते आणि रात्री खोलीत कोंदटते. पत्रा दिवस उगवताच तापतो, तसा मावळताच निवतो. हे सारे ती मुलगी घरच्या भाषेत सहज सांगू शकली असती. पण मी लिहून दिलेल्या भाषणात ते वाक्य नव्हते. मी माझे शब्द तिच्या तोंडी घातले, आणि तिला जे ठाऊक होते ते दाराबाहेर ठेवले.

शास्त्रीय विषय परिणामकारक रीतीने मांडावयाचा म्हणजे काय, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागलो. खणखणीत आवाज, हातवारे आणि पडद्यावर झळकणारी रंगीत चित्रे यांवरच सारे अवलंबून आहे, असे पुष्कळांना वाटते. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात आधी प्रश्न उभा राहिला नसेल, तर वक्त्याने दिलेले उत्तर कितीही अचूक असो, ते त्याच्या कानांवरून निघून जाते.

इंग्लंडात मायकेल फॅरडे नावाचा एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. तो लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्याची संधी त्याला मिळाली. त्याने त्यांची टिपणे काढली, ती स्वतः बांधून त्यांचे पुस्तक केले आणि डेव्हींकडे पाठविले. पुढल्याच वर्षी त्याच संस्थेत त्याला नोकरी मिळाली. स्वतः व्याख्याता होण्याच्या कितीतरी आधी, १८१३ साली, त्याने आपल्या एका मित्राला पत्रे लिहून व्याख्यान कसे असावे याची चर्चा केली आहे. कोणाही माणसाला तासाभराचे व्याख्यान पुरे, असे त्याचे मत होते. (आमच्याकडील सभासंमेलनांच्या चालकांनी हे मत अवश्य ध्यानात घ्यावे.) उतारवयात, १८६०-६१ च्या नाताळात, त्याने मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. विषय कोणता? मेणबत्ती! प्रत्येक मुलाच्या घरी जळणारी वस्तू त्याने निवडली. ज्योतीच्या मधोमध काचेच्या वाकड्या नळीचे एक टोक धरून त्याने आतली मेणाची वाफ दुसऱ्या टोकाने बाहेर काढली आणि तिथे पेटवून दाखविली. जळते ते घन मेण नव्हे, मेणाची वाफ जळते, हे त्याला मग वेगळे सांगावे लागले नाही.

अशा प्रात्यक्षिकासाठी लंडनला जावयास हवे असे नाही. शेजारच्या बीदरला बिदरी भांड्यांचा एखादा कारागीर पाहा. भरपूर जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे तो ओततो, त्यावर नक्षी कोरतो आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवितो. घासून गुळगुळीत केलेले भांडे या वेळी सगळे करड्या-पांढऱ्या रंगाचे दिसते, आणि चांदी कोठे आहे हे दुरून ओळखूही येत नाही. मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा संस्कार तो त्या भांड्यावर करतो. पाहता पाहता भांडे काळेभोर होते आणि चांदीची वेलबुट्टी तेवढी पांढरी उठून दिसते. चांदी काळी का झाली नाही? हा प्रश्न पाहणाऱ्याच्या ओठांवर आपोआप येतो. रसायनशास्त्राच्या व्याख्यानास आरंभ करावयाचा तो या क्षणी. आम्ही शिक्षक मात्र आधी फळ्यावर सूत्रे लिहितो, आणि भांडे दाखवावयाचे ते तास संपता संपता, घंटा झाल्यावर.

पडद्यावरील चित्रांविषयी थोडेच सांगतो. आजकाल संगणकामुळे चित्रे दाखविणे सोपे झाले आहे, आणि त्यामुळेच वक्ता आपले सारे भाषण पडद्यावर लिहून आणतो व श्रोत्यांकडे पाठ करून ते वाचू लागतो. श्रोत्यांना वाचता येते हे तो विसरतो. एका चित्रात एकच गोष्ट असावी, मागल्या बाकावरच्या माणसाला ती दिसावी, आणि आलेख दाखविला तर आडव्या रेषेवर काय व उभ्या रेषेवर काय हे आधी सांगावे. एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

भाषेचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. आळंद तालुक्यासारख्या सीमेवरच्या मुलखात मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी बोलते, शेजारी दखनी ऐकते आणि विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत उघडते. अशा ठिकाणी शास्त्राला भाषा कोणती, असे मला अनेकदा विचारतात. मला येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. जन्माने इंग्रज असलेले हे जेझुइट धर्मगुरू गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले ते मराठीत व ओवीछंदात. लॅटिन त्यांना येत नव्हते असे थोडेच आहे! ज्यांच्यासाठी सांगावयाचे ते कोणत्या भाषेत ऐकतात, एवढेच त्यांनी पाहिले. शास्त्र सांगणाऱ्यानेही तेच पाहावे. पारिभाषिक शब्दांना माझा विरोध नाही, कारण नेमकेपणासाठी ते लागतातच. पण ‘उष्णता धरून ठेवते’ हे आधी समजू द्यावे, आणि ‘उष्माधारकता’ ही पाटी त्यावर मागाहून लावावी. पाटी आधी लावली तर पुढे भिंतच उभी राहते.

राहता राहिले प्रश्नोत्तर. पुष्कळ वक्त्यांना हा भाग नकोसा वाटतो, कारण तेथे लिहून आणलेला कागद उपयोगी पडत नाही. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, ज्यांचे २०२५ च्या मे महिन्यात पुण्यास निधन झाले, यांची या बाबतीतील रीत मला फार आवडते. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा ते वहीवर सही करीत नसत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, असे ते सांगत, आणि उत्तर लिहून त्याखाली सही करीत. सही हवी असेल तर मुलाला आधी घरी जाऊन विचार करावा लागे. व्याख्यान सभागृहातच संपू नये याची ती सोय होती.

त्या मुलीची हकीकत अर्धीच राहिली आहे. पुढल्या वर्षी ती पुन्हा त्याच विषयावर बोलावयास उभी राहिली. या वेळी मी काही लिहून दिले नाही. ती कानडीत बोलली. माळवदाला कानडीत माळिगे म्हणतात. दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात. तिने दोन लाकडी खोकी आणली होती. एकावर पत्रा होता, दुसऱ्यावर शहाबादी फरशीचा तुकडा व त्यावर मातीचा जाड थर. दोन्ही खोकी तिने सकाळपासून अंगणात उन्हात ठेविली होती. बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी तिने परीक्षकांना दोन्ही खोक्यांत हात घालून पाहावयास सांगितले. त्यांनी हात घातला, आणि पत्र्याच्या खोक्यातून लगेच काढून घेतला. सगळे हसले. मग ती बोलू लागली, आणि रात्रीची गोष्ट तिने कोणी विचारण्यापूर्वीच सांगितली.

शेवटी एका परीक्षकांनी तिच्या आलेखावर बोट ठेवले. त्या एका रात्री पत्र्याचे घरही लवकर निवलेले दिसत नाही, ते का? तिने वही उघडली. त्या रात्री आभाळ भरून आले होते, एवढी नोंद तेथे होती. “ढग होते, सर,” ती म्हणाली, “पण ढगांमुळे असे का व्हावे ते मला अजून कळलेले नाही.” मी मागे उभा होतो. मला उत्तर ठाऊक होते : तापलेला पत्रा रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतो, आणि आभाळ भरलेले असले की ढग त्यांतली पुष्कळशी परत खाली पाठवितात. पण मी ओठ मिटून घेतले.

बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. मांडव उतरवावयास सुरुवात झाली, तरी ते परीक्षक एका खोक्यावर बसून तिच्या वहीतली त्या ढगाळ रात्रीची नोंद आपल्या कागदावर उतरवून घेत होते, आणि ती त्यांना तास व अंश वाचून दाखवीत होती.