लग्नपत्रिकेंतील घराण्याचें पान

लग्नसराई जवळ आली कीं घरोघरीं पत्रिकेच्या मजकुराची चर्चा सुरू होते. निमंत्रक कोण, आजोबांचें नांव वर कीं थोरल्या काकांचें, मामांकडचीं नांवें किती घालावयाचीं, या प्रश्नांवर रात्री जागविल्या जातात. अलीकडे या पत्रिकेला एक नवें पान जोडण्याची पद्धत रूढ होऊं लागली आहे. वधूवरांच्या दोन्ही घराण्यांतील वडीलधाऱ्या मंडळींचा, हयात असलेल्यांचा आणि निवर्तलेल्यांचाही, त्या पानावर कृतज्ञतापूर्वक उल्लेख असतो. कोणी तें छापून पाहुण्यांच्या हातीं देतो, कोणी संगणकाच्या पडद्यावर दाखवितो. साधन कोणतेंही असो. त्या पानावर कोणाविषयीं लिहावें आणि काय लिहावें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

पान नवें असलें तरी त्यामागील कल्पना नवी नव्हे. कन्यादानाच्या वेळीं गोत्रप्रवरांचा उच्चार होतो. वर कोणाचा प्रपौत्र, पौत्र आणि पुत्र, वधू कोणाची प्रपौत्री, पौत्री आणि पुत्री, हें भर मंडपांत सांगितलें जातें. दोन्हीकडच्या तीन पिढ्या अशा रीतीनें साक्षीला उभ्या राहतात. परंतु त्या तीनही पिढ्या पुरुषांच्या. पणजी, आजी आणि आई यांचीं नांवें त्या उच्चारांत येत नाहींत.

विवाहाच्या आरंभीं होणाऱ्या नांदीश्राद्धाची रीत मात्र निराळी आहे. तेथें प्रथम माता, पितामही आणि प्रपितामही यांचें स्मरण, मग पित्याकडील तीन पुरुषांचें, आणि नंतर आईच्या माहेरच्या पूर्वजांचें, तेंही सपत्नीक. नेहमींच्या श्राद्धांतील तिळांची जागा येथें यव घेतात. जानवें अपसव्य करावें लागत नाहीं. पितरांना येथें ‘नांदीमुख’ म्हणतात, म्हणजे प्रसन्न मुखाचे. गेलेल्यांची आठवण आहे, पण तींत शोक नाहीं; आणि त्या आठवणींत आईची ओळ आधीं आहे. घराण्याचें पान लिहिणारास याहून चांगला कित्ता मिळणें कठीण.

कित्त्याची गरज कां पडते, हें कोणत्याही घरची वंशावळ उघडून पाहिल्यास ध्यानांत येतें. पुरुषांचीं नांवें सात-सात पिढ्या मागें जातात. स्त्रियांच्या जागीं बहुधा कांहींच नसतें; असलेंच तर सासरचें नांव. लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. तांदुळांवर नवें नांव उमटलें कीं जुनें माहेरच्या माणसांच्या तोंडीं तेवढें उरे, आणि तीं माणसें गेलीं कीं तेंही जाई. कल्याणला १८६५ सालीं जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणून. कुर्लेकरांची यमुना १८७३ सालीं रानड्यांच्या घरीं येऊन रमाबाई झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांकडे लक्ष्मीबाई झाली. गोदूबाई नांवाची बालविधवा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. या चौघींचीं माहेरचीं नांवें आज ठाऊक आहेत, याचें कारण उघड आहे. तिघींनीं स्वतः आठवणी लिहून ठेवल्या आणि चौथीचें चरित्र इतरांनीं लिहिलें. ज्यांच्याविषयीं कोणीं लिहिलें नाहीं अशा अगणित यमुना आणि मनकर्णिका कायमच्या पुसल्या गेल्या. म्हणून घराण्याच्या पानावर प्रत्येक स्त्रीचें जन्मनांव आणि माहेरचें आडनांव लिहावें, हा पहिला नियम असावा.

दुसरा विचार उपपदांचा. पुरुष आयुष्यभर ‘श्री.’ असतो, पत्नी हयात असो वा नसो, त्याच्या नांवामागें त्याची खूण नसते. स्त्री मात्र ‘कु.’ची ‘सौ.’ आणि ‘सौ.’ची ‘गं. भा.’ होत जाते. या दोन अक्षरांच्या मागें मोठें दुःख दडलें आहे. ज्या आत्यानें पहाटेपासून रात्रीपर्यंत लाडू वळले, पापड लाटले, आईवेगळीं भाचरें वाढविलीं, तिला त्याच भाचीच्या लग्नांत हळदीकुंकवाच्या वेळीं माजघराच्या दाराआड उभें राहावें लागे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीं मिळाली. मंडपांत पुढें येऊन अक्षता टाकण्याची मान्यता पुष्कळ घरांत त्यानंतर शंभर वर्षांनींही मिळाली नव्हती. त्या आत्येला आज मंडपांत परत आणतां येणार नाहीं. तिचें नांव मात्र आणतां येईल. आणि तें आणावयाचें तर उपपदावांचून, इतरांच्या बरोबरीनें, तिनें केलेल्या कामासह आणावें.

हें काम पत्रिका छापावयास देण्याच्या आदल्या आठवड्यांत होणारें नव्हे. घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा. ‘जुन्या आठवणी सांगा’ असें म्हटल्यास ती ‘काय सांगायचं, बाळ’ म्हणून गप्प बसेल. त्यापेक्षां लहान प्रश्न विचारावे. गांव कोणत्या सालीं सोडलें? मुंबईंत पहिलें बिऱ्हाड कोठें होतें? पहिली शिलाईची मशीन कोणाची? शाळेची फी कोणीं भरली? अशा प्रश्नांना उत्तरें मिळतात, आणि एका उत्तरांतून दुसरें निघतें. मग कागद पाहावे. पूर्वींच्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, छायाचित्रांच्या मागें लिहिलेला मजकूर, जमिनीचा सातबारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळींच्या वह्यांतून कित्येक घराण्यांना आपल्या पणजोबांचीं नांवें सांपडलीं आहेत. पत्रिकेच्या माथ्यावर छापलेली कुलदेवताही कधीं कधीं इतिहास सांगते. गोव्याची मंगेशी किंवा शांतादुर्गा ज्यांची कुलदेवता, त्यांच्या पूर्वजांनीं सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अंमलाच्या छळामुळें देव कुशस्थळी आणि केळशी येथून नदीपलीकडे प्रियोळ आणि कवळें येथें नेले, हें त्या एका ओळींत सामावलेलें असतें. वधूवरांना तें ठाऊक असतेंच असें नाहीं.

सामग्री जमली कीं लिहिण्याचा प्रश्न. येथें विशेषणांचा मोह आवरावा. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि धर्मपरायण’ या चार शब्दांत महाराष्ट्रांतील कोणतीही आजी बसते, म्हणून त्यांत एकही आजी दिसत नाहीं. ‘दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दिरांचीं सहा मुलें ठेवून घेऊन शिकविलीं’ या वाक्यांत मात्र ती उभी राहते. प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार ओळी पुरेत. त्यांत जन्मगांव, एक काम आणि जमल्यास एक सवय यावी. पदव्या आणि हुद्दे शेवटीं आले तरी चालतील. छायाचित्र असल्यास साल, ठिकाण आणि डावीकडून कोण कोण, हें खालीं लिहावें; आज जो चेहरा सर्वांच्या ओळखीचा आहे, तो तीस वर्षांनीं कोणाच्याच ओळखीचा नसेल.

अवघड जागाही येतातच. कोठें आईवडील विभक्त झालेले असतात, कोठें सावत्र आई, कोठें दत्तक गेलेला मुलगा, कोठें वाटणीच्या वादांत तुटलेला काका. अशा वेळीं नात्याचा हिशेब करीत बसण्यापेक्षां वधूवरांना वाढविण्यांत कोणाचा हात होता, एवढेंच पाहावें. जिनें वाढविलें ती पानावर यावी, मग नातें कोणतेंही असो. हयात व्यक्तींविषयीं लिहिलेलें त्यांना आधीं दाखवावें, आणि जें त्यांना नको असेल तें निमूटपणें काढावें. जुन्या भांडणांचा निकाल लावण्याची ही जागा नव्हे. तसेंच कोणालाही देव करण्याचीही नव्हे.

पान पूर्ण झालें म्हणजे छापण्यापूर्वीं एकदां तें घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीला मोठ्यानें वाचून दाखवावें. ती चुका सुधारील, एखादें साल मागेंपुढें करील, आणि बहुधा असें एखादें नांव सांगेल, जें वंशावळींत नाहीं, कागदपत्रांत नाहीं आणि तिच्यावांचून आतां कोणालाच ठाऊक नाहीं. त्या नांवासाठीं पानाच्या तळाशीं दोन ओळींची जागा आधींपासूनच राखून ठेवावी.