खाते कुणाचे, हेतू कुणाचा?



‘फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे आणि सायबर गुन्हे’ या परिषदेसाठी आपण करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षे लढा दिला. न्याय पक्षकाराच्या दारापर्यंत यावा ही त्यामागची तळमळ होती, आणि तीच घेऊन आम्ही ही परिषद भरवली आहे.

कोल्हापूरचा या विषयाशी संबंध जुना आहे. 11 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची एटीएम यंत्रणा हॅकरांनी भेदली. कार्ड आत सरकवले की पैसे देण्याचा होकार बँकेकडून न येता चोरांच्याच बनावट यंत्रणेकडून यायचा. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. भारतातही निघाले, त्यात कोल्हापूर होते. दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी जवळजवळ 14 कोटी वळते झाले. एकूण फटका 94 कोटींचा. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीतली ही माणसे. यंत्रणेत व्हायरस सोडणारे मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आले नाहीत.

कृत्य आणि दुष्ट हेतू एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. सायबर गुन्ह्यात कृत्याचे तुकडे होतात. एक जण फोन करतो, दुसरा सिमकार्ड पुरवतो, तिसरा बँक खाते देतो, चौथा एटीएमपुढे उभा राहतो. पोलिसांच्या हाती बहुधा तिसरा नाही तर चौथा लागतो. हा तिसरा पुष्कळदा कॉलेजात जाणारा मुलगा असतो. चार पैसे मिळतील म्हणून त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारे सिम दुसऱ्याच्या हवाली केलेले असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 ने चोरीच्या मालाच्या व्याख्येत फसवणुकीने मिळवलेली मालमत्ताही आणली. जुन्या दंड संहितेत ती नव्हती. पण अट कायम आहे: माल तसा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक हवे, निदान तसे मानायला कारण तरी हवे. अनोळखी माणूस खाते भाड्याने मागतो म्हटल्यावर संशय यायलाच हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नोकरी लावतो सांगून ज्याची कागदपत्रे घेतली आणि ज्याच्या नकळत खाते उघडले, त्यालाही त्याच रांगेत उभे करणे हा अन्याय आहे. या दोघांतला फरक तपासातच झाला पाहिजे. जामिनासाठी महिनोन्‌महिने खेटे घातल्यावर तो उमगून उपयोग काय?

पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर धमकावणारा ‘डिजिटल अटक’ हा प्रकार तर मूलतत्त्वांच्या अज्ञानावरच पोसला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 सांगते, माणूस शब्दाने वा कृतीने ताब्यात येत नसेल तर पोलिसाने त्याला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा अडवून ठेवले पाहिजे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. तरीही निवृत्त शिक्षक, डॉक्टर, सरकारी अधिकारी दार लावून, मोबाइल समोर ठेवून तासन्‌तास बसून राहतात. शेजारच्या खोलीतल्या मुलालाही सांगत नाहीत आणि मुदत ठेवी मोडून पैसे पाठवतात. ही लोभी माणसे नव्हेत. जन्मभर कायदा पाळणाऱ्यालाच कायद्याच्या नावाने लुबाडले जाते, याची मला मनस्वी चीड येते.

पुराव्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर उद्या स्वतंत्र सत्र आहे. 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतेच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या नमुन्यात फाइलची ओळख पटवणारी हॅश व्हॅल्यूही नोंदवावी लागते. स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर खटला उभा राहत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला करता येत नाही. निरीक्षक नसलेल्या ग्रामीण ठाण्यांत यामुळे होणारी अडचण इथे उघडपणे मांडली जावी.

प्रतिनिधींना माझी एक विनंती आहे. इथून परत गेल्यावर प्रत्येक विधी महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातली एक पतसंस्था, एक ज्येष्ठ नागरिक संघ आणि एक कनिष्ठ महाविद्यालय गाठावे. अटक म्हणजे काय आणि खाते भाड्याने देणे म्हणजे काय, एवढे दोनच विषय समजावून सांगावेत. फसवणूक झाल्यास पहिल्या तासाभरातच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता राहते, हेही सांगावे. त्यासाठी लागणारी मराठी पत्रके छापून देण्याची जबाबदारी आमची स्वागत समिती आनंदाने घेते. जाताना नोंदणी कक्षात आपल्या महाविद्यालयाचे नाव जरूर लिहून द्या.