एक लग्न आणि एक आज्ञापत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत स्वयंपाकघरात असते. मसालेभाताचा अंदाज माझ्याकडे आणि भाषण दुसऱ्या कोणाकडे, ही वाटणी मला पसंत होती. या वर्षी चिटणीसबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमके माझे नाव निघाले. मी सातवी झालेली बाई, मी काय बोलणार? पण गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी परीक्षेसाठी युरोपचा इतिहास मोठ्याने वाचत बसे आणि मी भाजी निवडता निवडता ऐकत असे. त्यात फ्रान्समधल्या एका लग्नाची हकीकत आली आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मग मिळतील ती मराठी पुस्तके वाचली, इंग्रजी पुस्तकांतले मुलीकडून समजून घेतले. तीच हकीकत आज सांगते. नावे परकी आहेत. उच्चार चुकला तर कॉलेजातल्या मुलींनी हसू नये.

त्या काळी पश्चिम युरोपातले बहुतेक सगळे लोक रोमच्या पोपला मानणारे ख्रिस्ती होते. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्याशाने एका चालीवर बोट ठेवले. पैसे द्या आणि पापाची शिक्षा माफ करून घ्या, अशी ती चाल. तिथून तट पडले. पुढे काल्व्हिन नावाच्या फ्रेंच पंडिताचे ऐकून फ्रान्सातही पुष्कळांनी नवा पंथ धरला. त्यांना ह्यूगेनॉट म्हणत. देव तोच, येशू तोच, बायबलही तेच. वाद होता तो मूर्ती असाव्यात की नसाव्यात, प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणावी, भाकरी आणि द्राक्षरसाच्या विधीचा अर्थ काय घ्यावा, यांवर. आपल्याला हे बारीक वाटते. पण दुसऱ्याच्या घरातले भांडण बारीकच दिसत असते.

माझ्या समजुतीप्रमाणे नुसत्या धर्माने एवढे पेटले नसते. १५५९ साली फ्रान्सच्या राजवाड्यात लग्नाचा सोहळा चालू होता. खेळातल्या भालाफेकीत नव्हे, घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याच्या खेळात, राजा दुसरा हेन्री याच्या डोळ्यात भाल्याची ढलपी घुसली आणि दहा दिवसांनी तो वारला. मागे राणी कॅथरीन डी मेदिची आणि लहान लहान मुले. ही राणी इटलीतल्या फ्लॉरेन्सची. तान्ही असतानाच आईबाप गेले. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, दहा वर्षे मूल नाही म्हणून बोलणी खाल्ली, मग दहा मुले झाली. इतिहासात तिला फार वाईट रंगवले आहे, आणि तिच्या हातून वाईट घडलेही. पण पोरवयाचा राजा गादीवर आणि दोन्ही बाजूंना टपलेले सरदार, अशा घरात ती उभी होती, हेही आपण बायकांनी ध्यानात घ्यावे. एका बाजूला जुन्या पंथाचे गीझ घराणे, दुसऱ्या बाजूला ह्यूगेनॉटांचा पुढारी कोलिन्यी. धर्माच्या आडून गादीजवळ कोणी बसायचे, हाही झगडा होता.

कॅथरीनने १५६२ च्या जानेवारीत ह्यूगेनॉटांना गावाबाहेर प्रार्थना करण्याची मुभा दिली. दोनच महिन्यांत, १ मार्चला, व्हासी गावात गीझच्या माणसांनी एका कोठारात प्रार्थना करणाऱ्या लोकांवर तलवारी चालवल्या. तिथून युद्धे लागली ती छत्तीस वर्षांत आठ झाली. आणि एकच बाजू सोवळी होती असेही नाही. १५६७ मध्ये नीम शहरात ह्यूगेनॉटांनी पाद्री आणि संन्यासी मारून विहिरीत टाकले.

आता ते लग्न. तीन युद्धे झाल्यावर कॅथरीनने ठरवले की आपली मुलगी मार्गारेट ह्यूगेनॉटांच्या तरुण राजाला, नव्हारच्या हेन्रीला द्यायची. सोयरीक झाली की वैर मिटेल. आपल्याकडेही राजेरजवाडे हेच करीत. मुलाची आई जान दाल्ब्रे कडक पंथाची. ती बोलणी करायला आली आणि लग्नाआधी दोन महिने पॅरिसमध्येच वारली. विहीणबाईंनी विषारी हातमोजे दिले, अशी लगेच कंडी उठली. बाई आजाराने गेली होती, पण वैऱ्याच्या घरात साधे मरणही कोणाला खरे वाटत नाही.

१८ ऑगस्ट १५७२ ला लग्न लागले. नोत्र दाम या मोठ्या देवळाच्या दाराबाहेर मांडव घातला होता, कारण नवरदेव आत जाऊन मिस्सा ऐकणार नाही. नवरी आत जुन्या पंथाच्या प्रार्थनेला गेली आणि नवरा बाहेर थांबला. चार दिवस मेजवान्या चालल्या. देशभरातले ह्यूगेनॉट सरदार वऱ्हाडी म्हणून पॅरिसमध्ये उतरले होते. २२ तारखेला कोलिन्यीवर खिडकीतून कोणी गोळी झाडली. तो वाचला, हात जखमी झाला. ती कोणाच्या सांगण्यावरून झाडली यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. आता वऱ्हाडी सूड घेतील या धास्तीने राजा नववा चार्ल्स, त्याची आई आणि सल्लागार यांनी रात्रीतून ठरवले की पुढारी तेवढे संपवावेत. २४ ऑगस्टच्या पहाटे, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, एका देवळाची घंटा वाजली. कोलिन्यीला मारून खिडकीतून खाली टाकले.

पुढारी तेवढे, असे म्हणून काढलेली तलवार तेवढ्यावर थांबली नाही. शहरातल्या लोकांनीच पांढरी खूण बांधली आणि शेजाऱ्यांची दारे ठोठावली. कोणते घर कोणाचे, हे शेजाऱ्यांनाच ठाऊक असते ना! बायकापोरेसुद्धा सुटली नाहीत. पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसे गेली, आणि ऑक्टोबरपर्यंत इतर शहरांत हेच होत राहून आणखी हजारो.

त्या रात्रीच्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक नवरीची. तिने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. पहाटे एक रक्ताने भरलेला माणूस तिच्या खोलीत घुसला, पाठीमागे शिपाई. त्याने जीव वाचवायला तिलाच मिठी मारली. तिने त्याला वाचवले, आणि मग आपले रक्ताने माखलेले कपडे बदलले. काही दिवसांनी आईने विचारले, हे लग्न मोडून देऊ का? मुलगी नाही म्हणाली. लग्न मोडले तर नवऱ्याचा जीव जाईल, हे तिने ओळखले होते. पुढे दोघांचे पटले नाही ते नाहीच, पण त्या दिवशी ती नाही म्हणाली.

दुसरी गोष्ट बारा वर्षांच्या एका मुलाची. त्याचे नाव पुढे सुली म्हणून गाजले. घरून निघताना त्याने विद्यार्थ्याचा झगा घातला आणि काखेत जुन्या पंथाचे प्रार्थनेचे पुस्तक धरले. वाटेत शिपायांनी अडवले की ते पुस्तक दाखवायचे. शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याला तीन दिवस कोंडून लपवून ठेवले म्हणून तो वाचला. आपल्या बारा वर्षांच्या मुलाच्या काखेत असे पुस्तक देऊन त्याला रस्त्यावर पाठवायची वेळ आली तर, असे माझ्या मनात आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवऱ्या मुलाला धर्म बदलायला लावले. तो पुढे निसटला आणि पुन्हा ह्यूगेनॉट झाला. कॅथरीनचे मुलगे एकामागून एक गेले, आणि १५८९ साली शेवटच्या राजाला एका संन्याशाने सुरा मारला. आता गादी या जावयाकडेच येत होती, पण पॅरिस त्याला राजा मानेना. १५९० मध्ये त्याने शहराला वेढा घातला. त्या काळच्या एका रोजनिशीत लिहिले आहे की लोकांनी गाढवे, कुत्री, मांजरे खाल्ली आणि शेवटी स्मशानातली हाडे दळून त्या पिठाच्या भाकरी केल्या. देवाच्या नावाने बायकांना असले दळण दळावे लागले! शेवटी १५९३ मध्ये हेन्री जुन्या पंथात गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसने दारे उघडली.

त्यानंतर १५९८ च्या एप्रिलमध्ये त्याने नांत शहरी आज्ञापत्र काढले. त्यात ९२ कलमे आहेत. मला वाटले होते, मोठमोठी तत्त्वे असतील. मुलीने काही कलमे समजावून सांगितली तेव्हा ती अगदी चाळीतल्या नियमांसारखी निघाली. पहिलेच कलम असे की, झाले गेले त्याची आठवण दोन्ही बाजूंनी पुसून टाकावी. मागचे उकरून कोणी कोणाला टोचून बोलू नये. कोणाची मुले त्यांच्या मनाविरुद्ध पळवून आपल्या पंथाचा संस्कार करू नये. शाळेत आणि इस्पितळात पंथ पाहून दार बंद करू नये. ह्यूगेनॉटांना पुरायला जागा द्यावी. आणि जुन्या पंथाच्या सणाला ह्यूगेनॉट कारागिराने दुकान उघडे ठेवू नये. दार लावून आत काम करावे, पण ठोकण्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. सगळे समान होते असे नव्हे. पॅरिस शहरात ह्यूगेनॉटांना जाहीर प्रार्थना बंदच होती. कोणाचा धर्म खरा, याचा निकाल मात्र त्या कागदात लावलाच नाही. पॅरिसचे न्यायाधीश तो कागद नोंदवून घेईनात, तेव्हा राजाने त्यांना बोलावले आणि सांगितले की मी राजवस्त्रे घालून नव्हे, घरातल्या बापासारखा साध्या कपड्यांत तुमच्याशी बोलायला आलो आहे.

इथे घरचे थोडे सांगते. माझे माहेर माळकरी, सासरी देवीच्या जत्रेला बकरे पडते. माझ्या लग्नाच्या पंगतीतच यावरून दोन्हीकडची माणसे हमरीतुमरीवर आली. वडील जेवले नाहीत. मी सासरी आले ती रडतच. आठ दिवसांनी सासूबाईंनी सगळ्यांना बसवले आणि म्हणाल्या, "तिची माळ तिच्या गळ्यात राहील. तिची भांडी वरच्या फळीवर. जत्रेच्या दिवशी तिला चुलीपाशी बोलवायचे नाही. मुले मोठी झाली की काय ते ठरवतील. आणि मांडवातले बोलणे या घरात पुन्हा काढायचे नाही." सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. चोवीस वर्षांत त्या बोलण्यातले एक कलम मोडले नाही. त्या गेल्या तेव्हा वरच्या फळीवरची भांडी मीच खाली उतरवू दिली नाहीत.

नांतचा कागद मात्र मोडला, आणि कसा मोडला ते ऐका. हेन्रीला १६१० मध्ये भर रस्त्यात गाडीत भोसकले, तरी कागद राहिला. त्याचा नातू चौदावा लुई याच्या काळात तो एकेका कलमाने कुरतडला गेला. १६८० साली हुकूम निघाला की ह्यूगेनॉट बाईने सुईणीचे काम करायचे नाही. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाईने गल्लीतली बाळंतपणे केली तिला दारातून परत पाठवायचे! पुढच्या वर्षी हुकूम आला की सात वर्षांचे मूल आपल्या मनाने आईबापांचा पंथ सोडू शकते. सात वर्षांचे मूल! मग ह्यूगेनॉटांच्या घरांत शिपाई राहायला पाठवले. ते सामान मोडीत, आणि रात्रभर ढोल बडवून घरच्यांना झोपू देत नसत. माणसे कंटाळून सही करून देत. १६८५ च्या ऑक्टोबरमध्ये राजाने सांगितले की आता फारसे ह्यूगेनॉट उरलेच नाहीत, म्हणून आज्ञापत्राची गरज नाही. देश सोडून जाण्याचीही बंदी होती. पुरुष सापडला तर वल्ही मारायला जहाजावर, बाई सापडली तर तुरुंगात. तरी दीड-दोन लाख माणसे हॉलंड, इंग्लंड, जर्मनीकडे निघून गेली. त्यांत विणकर, घड्याळजी असे हातात कसब असलेले पुष्कळ होते.

राहिलेल्यांपैकी एकीचे नाव सांगून थांबते. मारी द्युराँ. तिचा भाऊ चोरून प्रार्थना चालवणारा धर्मोपदेशक होता. १७३० मध्ये तिला धरून एग-मॉर्त गावच्या दगडी बुरुजात टाकले, तेव्हा तिची विशीही पुरी झाली नव्हती. दोन वर्षांनी भावाला फाशी दिले. पंथ सोडते एवढे म्हटले असते तर दार उघडले असते. ती अडतीस वर्षे आत राहिली, भाचीला पत्रे लिहीत राहिली. बुरुजातल्या दगडावर 'टिकून राहा' अशा अर्थाचा एक फ्रेंच शब्द कोरलेला आहे, तो तिचाच असे मानतात. १७६८ मध्ये सुटून ती आपल्या खेड्यातल्या घरी गेली आणि १७७६ मध्ये वारली. ह्यूगेनॉटांची लग्ने, जन्म आणि मृत्यू सरकारी दप्तरात नोंदवून घेण्याचा हुकूम निघाला तो १७८७ साली.

आतून दोनदा निरोप आला आहे, पाने मांडून झाली आहेत. नमस्कार.