पहारा कुणाच्या हाती द्यायचा?

(जालना मुक्कामी झालेल्या कीर्तनातील निरूपणाचा भाग)

बसा माउली, ऐसपैस बसा. ज्यांचे पाय भरून आले असतील त्यांनी खुशाल लांब करून बसा. देवासमोर पाय पसरू नयेत हे खरं, पण त्याच्याकडे चालत निघालेल्या पायांचा राग देवाला येत नसतो.

मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी निघाली. बुलढाणा, देऊळगाव राजा मागं टाकत आज आपण जालन्यात आलो. पुढं अंबड, मग शहागडला गोदामाय, मग बीड, आणि तिथून पंढरीची वाट. महिनाभराची चाल. दिवसभर चालून रात्री मुक्कामाला पाठ टेकली की वाटतं, आता डोळा लागणार. आणि काय होतं? अंग म्हणतं नीज, डोळे म्हणतात नाही. शेजारचा आबा घोरायला लागतो. या कुशीवर, त्या कुशीवर. पायात गोळे, डोक्यात घर. अकरा वाजले, बारा वाजले, आणि पहाटे तर पुन्हा निघायचं!

कुणाला सांगावं तर म्हणतात, “दमला नसशील, म्हणून झोप येईना.” अहो, दमलाय तो! दमूनसुद्धा येईना, हेच तर त्याचं दुःख आहे.

आपल्यात म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक लागली की कोंडा गोड, नीज आली की उशाला धोंडा चालतो. पण म्हण नीट ऐका. निजेला धोंडा म्हटलंय, दमलेल्याला धोंडा म्हटलेलं नाही. दमणं निराळं, नीज निराळी. दमतो तो देह. निजावं लागतं मनाला. देहाला आडवं करता येतं, मनाला आडवं कसं करायचं? आजच्या सेवेचा विषय एवढाच आहे.

आणि हे काही फक्त वाटेवरचं नाही, बरं का. आपल्या जालना जिल्ह्यात रात्री जागं कोण असतं ते बघा. लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करून, भट्टीची धग खाऊन आलेला माणूस दिवसा निजायला बघतो, आणि बाहेर ऊन, गलका. दिवसभर कापूस वेचून बोटं सोललेली माय रात्री लेकीच्या लग्नाचा हिशोब करते. लाइटची पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन बारं द्यायला निघालेला शेतकरी. आणि आठवा तो २०१२-१३ चा दुष्काळ. लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. विकतचे टँकर घातले, तरी कित्येक बागा गेल्या. तेव्हा दिवसभर टँकरमागं पळून दमलेला बागवाला रात्री निजत होता का हो? दमला तर मरणाचा होता.

आता आधी देहाचं देहाला देऊ. सगळंच मनावर ढकलू नये. झोप लागायला अंग आतून थोडं निवावं लागतं. तापलेलं अंग, धडधडणारी छाती घेऊन लगेच आडवं झालात तर नीज येत नाही. मुक्कामी पोचलात की थोडं बसा, हातपाय धुवा, पाणी प्या, पोटऱ्यांना तेल लावा. संध्याकाळी वाटेवर जो तो प्रेमानं चहा देतो. त्यांच्या प्रेमाला नमस्कार करा, कप मात्र मोजून घ्या. चहातलं जागं ठेवणारं द्रव्य पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मंअर्धं अंगात असतं. आणि तो मोबाइल! डोळ्यावर उजेड आला की देहाला वाटतं अजून दिवस आहे. आठवड्यात तीन रात्री झोप नाही आणि असं तीन महिने चाललं, किंवा घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येत असेल, तर बुवाकडं येऊ नका, डॉक्टरकडं जा. आणि दुसऱ्याच्या पिशवीतली झोपेची गोळी घेऊ नका. हे झालं देहाचं.

आता मनाचं. महाभारतात एक राजा रात्रभर तळमळतोय. कोण? धृतराष्ट्र. मऊ गादी आहे, वारा घालायला दासी आहेत, अंगाला कष्ट नाहीत, आणि डोळ्याला डोळा नाही. संजय पांडवांकडून निरोप घेऊन आलाय, तो निरोप उद्या सभेत सांगणार. उद्या काय ऐकावं लागेल, या भयानं झोप उडाली. मध्यरात्री विदुराला बोलावलं. विदुर आला आणि म्हणाला, राजा, जाग कुणाला लागते? बलवंताशी गाठ पडलेल्या दुबळ्याला. ज्याचं सर्वस्व गेलं त्याला. ज्याच्या मनात काम पेटलाय त्याला. आणि चोराला. यातलं तुला काय झालंय? परक्याच्या धनावर तर डोळा नाही ना तुझा?

बघा, विदुरानं औषध दिलं नाही, अंगाई म्हटली नाही. प्रश्न विचारला. कारण धृतराष्ट्राला झोप न येण्याचं कारण त्याच्याच हातात होतं. पांडवांचं राज्य परत दे, की नीज. ते त्यानं केलं नाही, आणि पुढं सगळं कुळ गेलं. म्हणून झोप येईना तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, माझ्या हातातलं काही राहिलंय का? भावाचा बांध कोरलाय? कुणाचे पैसे अडवलेत? सुनेला टाकून बोललात? सकाळी उठून ते मिटवायचं, असा निश्चय आत्ता करा. निम्म्या रात्री तिथंच सुटतात.

पण राहिलेल्या निम्म्या? पाऊस माझ्या हातात नाही. कापसाचा भाव माझ्या हातात नाही. बापाचं दुखणं माझ्या हातात नाही. त्या रात्रींसाठी विदुर पुरत नाही. तिथं मुचुकुंद लागतो.

मुचुकुंद कोण? मांधात्याचा मुलगा, इक्ष्वाकूच्या कुळातला राजा. असुरांनी देवांना जेरीस आणलं. देव त्याला म्हणाले, आमचं रक्षण कर. राजा गेला आणि उभा राहिला पहाऱ्यावर. एक रात्र नाही, दोन नाही, किती काळ गेला त्याची गणती नाही. डोळा मिटला नाही. अहो, आपण देवाच्या भरवशावर झोपतो, इथं देव माणसाच्या भरवशावर झोपत होते!

पुढं देवांना कार्तिकस्वामी सेनापती मिळाले. तेव्हा देव राजाला म्हणाले, बाबा, पुरे झालं आता. तू आमच्यासाठी राज्य सोडलंस, सुख सोडलंस. तुझी राणी, तुझी मुलं, तुझे प्रधान, सगळे काळानं नेले. वर माग. मोक्ष सोडून काहीही माग.

काय मागावं त्यानं? राज्य? स्वर्ग? राजा म्हणाला, देवा, मला झोप द्या.

ऐका माउली! त्रिभुवनाचे धनी समोर उभे आहेत आणि हा झोप मागतोय. कमी मागितलं का? ज्याची झोप गेलीय त्याला विचारा, तो सांगेल किंमत. आणि मग तो गुहेत जाऊन निजला, तो असा निजला की युगं गेली. पुढं कृष्णाच्या मागं धावत कालयवन त्या गुहेत शिरला. अंधारात हाच कृष्ण समजून त्यानं निजलेल्याला लाथ घातली. राजानं डोळे उघडले, आणि कालयवन जळून राख! म्हणून दिंडीत पहाटे कर्णा कानाशी लावणाऱ्यांनी जरा जपून, बरं का.

हसा, पण मुद्दा सोडू नका. मुचुकुंदाला झोप कधी मिळाली? दमला तेव्हा? दमला तर तो कधीचाच होता! कार्तिकस्वामी पहाऱ्यावर आले तेव्हा झोप मिळाली. पहारा घेणारा दुसरा उभा राहिला, तेव्हा. झोप थकव्यानं येत नाही मायबाप, झोप पहारा सोपवल्यानं येते.

आणि हे तुम्हाला नवीन आहे का? तुमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. मग एकच माणूस सात दिवस उभा असतो का? नाही! पहारे लावलेले असतात. आपला पहारा संपला, दुसरा आला. वीणा त्याच्या गळ्यात दिली, दोघं एकमेकांच्या पाया पडले, आणि पहिला मांडवाच्या कडेला जाऊन असा निजतो, असा निजतो! तिथं ना उशी, ना गादी, भोंग्यावर भजन चालूच. कशी लागते झोप? त्याला ठाऊक असतं, वीणा कुणाच्या तरी गळ्यात आहे. खाली पडणार नाही.

आपण प्रपंचाची वीणा एकट्याच्याच गळ्यात ठेवली. समजा घनसावंगी तालुक्यातला एखादा गडी आहे. बँकेचं कर्ज, सावकाराचं वेगळं. दिवसभर राबतो, रात्री छताकडं बघतो. बायको विचारते, “आवं, कामून जागे हाव?” तो म्हणतो, “काही नाही, नीज तू.” झालं! ती पण जागी, हा पण जागा. एकाच घरात दोघं पहाऱ्यावर, आणि एकमेकांपासून लपून. अरे, सांग ना तिला! आकडा सांग. ती माउली रडेल, भांडेल, पण पहाटेपर्यंत तीच चार वाटा काढील. भावाला सांग, मित्राला सांग. आणि मनात जिवाचं बरंवाईट करायचं येत असेल, तर तर रात्र उजाडायची वाट बघूच नका. शेजारच्याला उठवा. सरकारनं १४४१६ हा टेली-मानस नंबर ठेवलाय, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. तिथं बोलणं म्हणजे हरणं नव्हे. वीणा दुसऱ्याच्या हाती देणं आहे ते.

आपल्या घनसावंगी तालुक्यातलंच जांब, समर्थांचं जन्मगाव. शके १५३०, म्हणजे १६०८ सालचा त्यांचा जन्म. लहानगा नारायण अडगळीच्या अंधारात लपून बसला. राणूबाईंनी शोधून विचारलं, काय करतोस रे इथं? पोर म्हणालं, जगाची चिंता करतोय. आपण कौतुकानं ऐकतो. पण तो तिथंच बसून राहिला नाही. उठला, टाकळीला गेला, रामाच्या पायाशी चिंता ठेवली, तिचं चिंतन झालं आणि चिंतनाचं काम झालं. चिंता एकट्यानं वाहायची असते. चिंतनाला वर कुणीतरी लागतो. अंथरुणात आपण दोन्हीतलं काय करतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

आता शेवटचं. पंढरीमाहात्म्यात सांगतात, हाच मुचुकुंद पुढच्या जन्मी पुंडलिक झाला. आता जोडून बघा. ज्यानं देवांसाठी पहारा केला, त्याच्या दारात देव येऊन विटेवर उभा राहिला. का उभा राहिला? पहारा बदलायला! तू माझ्यांसाठी जागलास, आता तुझ्यांसाठी मी जागतो.

आणि हे नुसतं बोलायचं नाही, तुम्ही पंढरीत डोळ्यांनी बघाल. एरवी देवाची रोज शेजारती होते, देव निजतो. पण आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, दरवाजे रात्रंदिवस उघडे. उभ्या देवाच्या पाठीला लोड देतात आणि देव तुमच्यासाठी अखंड उभा. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्यानं न्हाऊ घालून देवाचा शिणवटा काढतात आणि मगच पलंग परत येतो. अहो, देवसुद्धा दमतो, देवालाही शीण येतो, मग तुम्हाला आला तर लाज कसली? पण आज, आत्ता, देव जागणार आहे. दोघांनी कशाला जागायचं?

म्हणून आज रात्री पाठ टेकलीत की झोपेच्या मागं लागू नका. झोप मांजरीसारखी आहे, बोलावलं की येत नाही. हातातलं काम असेल तर सकाळी करीन म्हणा. हातातलं नसेल तर त्याचं नाव घेऊन सांगा. मोघम नको. पावसाचं सांगा, लेकीचं सांगा, कर्जाचं सांगा. म्हणा, पांडुरंगा, माझा पहारा संपला, वीणा घे. आणि श्वासाबरोबर हळू नाम चालू ठेवा. नाम घेता घेता डोळा लागला तर त्यात पाप नाही. मधेच थांबलेलं नाम पुढं तो म्हणतो. आणि नाहीच लागला डोळा, तरी रात्र फुकट गेली असं समजू नका. नामात गेली ना? अंगाला तेवढाच विसावा, आणि मनाला सोबत.

पहाटे उठाल तेव्हा वीणा परत घ्यायची आहे, हेही लक्षात ठेवा. पहारा सोपवायचा तो रात्रीपुरता. सकाळी पुन्हा आपण, आपलं शेत, आपली वाट. पहारा सोडून पळणं वेगळं आणि बदली देऊन निजणं वेगळं.

बोला, आदिशक्ती मुक्ताबाई माता की जय! पंढरीनाथ महाराज की जय! रामकृष्ण हरी.