मुतखडा गेला, निरोप राहिला

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून. तरीही आज मुतखड्यावर बोलावयास उभे आहोत, कारण तो आम्ही स्वतः भोगला आहे.

एके रात्री डोंबिवलीला गाडीतून उतरताना बरगडीखाली अशी कळ आली की आम्ही फलाटावरच बसलो. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. गॅस असेल असे समजून आम्ही ओव्याचे पाणी घेत राहिलो. महिन्याने पुन्हा कळ आली तेव्हा सोनोग्राफीत खडा सापडला. डॉक्टर म्हणाले, "हा यूरिक ॲसिडचा दिसतो, तो साध्या एक्स-रेत दिसत नाही." मग त्यांनी टेपने आमची कंबर मोजली आणि उपाशीपोटी साखर तपासावयास सांगितली. आम्हाला रागच आला. दुखते मूत्रपिंड आणि हे कंबर मोजतात! पण साखर निघाली 148. दुसऱ्यांदा तपासली तरी तेच. 126 पासून मधुमेह धरतात. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

याचा संबंध काय? बहुतेक मुतखडे कॅल्शियमचे असतात. शंभरात सुमारे दहा यूरिक ॲसिडचे. लघवीचा पीएच 5.5 च्या खाली गेला, म्हणजे ती फार आम्लधर्मी झाली, की यूरिक ॲसिड विरघळलेले राहत नाही, त्याचे खडे बनतात. एरवी मूत्रपिंड अमोनिया तयार करून हे आम्ल सौम्य करते. परंतु पोटाभोवती चरबी साठून शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की हे काम मंदावते. खडा मूत्रपिंडात असला तरी त्याचे मूळ पुष्कळदा पोटाच्या घेरात असते.

कोणी म्हणेल, आम्ही तर सडपातळ आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःची व इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. पण चरबी याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के, युडकिन यांच्या 9.1. म्हणून वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे पुरुषांचा कंबरेचा घेर 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटीमीटर, ही धोक्याची रेषा.

आता आपली दिनचर्या पाहा. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून सकाळची गाडी पकडायची. वाटेत सोय नाही म्हणून कित्येक जण, विशेषतः भगिनी, घोटभर पाणीही पीत नाहीत. मग दिवसभर खुर्ची, गोड चहा आणि वडापाव. कमी पाण्याने लघवी दाट होते, बैठ्या कामाने घेर वाढतो. खड्याला आणखी काय हवे?

बियर प्यायल्याने खडा पडतो, असे मित्रमंडळी सांगतात. ऐकू नका. बियरने यूरिक ॲसिड उलट वाढते. कलेजी, सुकट, जवळा बेताने खावे. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. कळ येऊन ताप भरला तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

एक दिलासा आहे. लघवीतील आम्ल कमी करणाऱ्या औषधाने हा खडा पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून विरघळतो. आमचा तीन महिन्यांत विरघळला. औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, कारण मूत्रपिंड अधू असेल तर ते अपायकारक ठरते.

परंतु खडा गेला म्हणून आम्ही फाईल बांधून ठेवली नाही. मधुमेह दुखत नाही आणि बोलतही नाही. आमच्या बाबतीत त्याचा निरोप खड्याने आणला. आता स्टेशनपर्यंत आम्ही रिक्षा न करता चालत जातो, चहा बिनसाखरेचा घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला मुतखडा झाला असेल तर आज घरी जाऊन एवढेच विचारा, "साखर तपासली का?" नसेल तर त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन जा. एवढे केलेत तरी आमचे बोलणे सार्थकी लागले.

जय भीम!